काकांचा पटर : एका जुन्या गोल्फ क्लबच्या दुरुस्तीची हकिगत

काकूंनी तो जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला. टेबलावर ठेवत म्हणाल्या, "तुझ्या काकांचा पटर आहे हा. नात खेळायला लागलीये, तिला द्यायचाय. नव्यासारखा करून देशील ना?"

पटर म्हणजे गोल्फमध्ये चेंडू हलकेच होलकडे घरंगळवायचा क्लब. टॉवेल उलगडला. डोक्यावर काळ्या इनॅमलचा जाड थर कुणीतरी ब्रशने चोपडलेला होता. त्या थराच्या कडा गंजाने खालून फुगवल्या होत्या. दांड्याच्या क्रोमवर बारीक पुरळ उठलं होतं आणि ग्रिप इतकी कडक झाली होती की नख रुतेना. पटर हलवला की दांड्यात काहीतरी खुळखुळायचं, आणि डोकं धरून पिळलं की केसभर फिरायचं.

"नव्यासारखा" हा शब्द ऐकला की मी थोडा सावध होतो. पटर नवा दिसण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पॉलिशचं चाक. चाक लावलं की दहा मिनिटांत आरसा होतो, पण त्या दहा मिनिटांत अक्षरांच्या कडा बोथट होतात, वरच्या कडेची सरळ रेघ लाटेसारखी होते आणि चेहऱ्यावरच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागावरच्या, मशीनच्या खुणा पुसल्या जातात. गंजाने जेवढा धातू खाल्ला नसेल तेवढा चाक खातं. म्हणून काकूंना तेव्हा एवढंच म्हटलं, "काकू, आधी बघतो काय काय शिल्लक आहे. मग ठरवू."

धातू कोणता

या कामात घाई करणारा माणूस इथेच फसतो. पटरची डोकी नाना धातूंची असतात: साधं कार्बन स्टील, स्टेनलेस, पितळ, ब्राँझ, ॲल्युमिनियम, जस्ताचं ओतकाम. प्रत्येकाचं औषध वेगळं. जस्ताच्या ओतीव डोक्यावर मुलामा असतो. तो फोडून आत शिरलात की खाली काही राखण्यासारखं सापडत नाही, आणि मान वाकवायला गेलात तर तुटून हातात येते.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. डोकं तांबूस दिसलं तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी थांबा. जुन्या काही क्लबांमध्ये बेरिलियम कॉपर वापरलेलं आहे. अखंड क्लब हातात धरून खेळायला त्यात काही धोका नाही, पण त्याची घासलेली धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसांचा कायमचा आजार होऊ शकतो. तसलं डोकं मी घासत नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसतो आणि परत देतो.

काकांच्या पटरला चुंबक घट्ट चिकटला. पितळ, ॲल्युमिनियम, जस्त आणि ३०३-३०४ जातीचं स्टेनलेस असं सगळं एका झटक्यात बाद झालं. मात्र १७-४ नावाचं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं, त्यामुळे आणखी एक परीक्षा घेतली. तळाला, टाचेच्या, म्हणजे दांड्याजवळच्या टोकाच्या, बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी नखाएवढा रंग खरवडला आणि उघड्या चकचकीत धातूवर मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. बघता बघता थेंबाखाली गुलाबी थर आला. लोखंड मोरचुदातलं तांबं स्वतःवर ओढून घेतं. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडची अदृश्य साय असते, ती हे होऊ देत नाही. म्हणजे हे कार्बन स्टील. गंजणार, पण घासता येणार, वाकवता येणार आणि ब्लूइंगही, म्हणजे पोलादावर रसायनाने किंवा उष्णतेने आणलेला काळा-निळा थरही, धरणार.

आकार ओळखीचा होता. कार्स्टन सोलहाइम या इंजिनिअरने १९६६ साली 'अँसर' नावाचा पटर काढला आणि त्याचं पेटंट त्याला १९६७ साली मिळालं. तो जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करायचा आणि १९५९ पासून स्वतःचे पटर बनवत होता. त्याचं म्हणणं साधं होतं: डोक्याचं वजन मधोमध गोळा करण्यापेक्षा टाच आणि चवडा (दांड्यापासून लांबचं टोक) या दोन टोकांना न्यावं. चेंडू मधल्या बिंदूवर नाही लागला तरी डोकं कमी पिळवटतं. त्यासाठी पाठीमागचा मधला भाग कोरून काढला आणि मान पायऱ्यांसारखी वळवून दांडा चेहऱ्याच्या किंचित पुढे आणला. पुढे कितीतरी कंपन्यांनी याच आकाराचे पटर केले. काकांचा पटर त्याच कुळातला.

चेहऱ्यावरचा रंग भिंग लावून पाहिला. जिथे तो फाटला होता तिथे बारीक कमानी दिसल्या, एकीत एक गुंतलेल्या, मिलिंग मशीनच्या पात्याने सोडलेल्या. म्हणजे निदान चेहरा तरी मशीनवर कोरलेला होता. या कमानी वाचवायच्या हे मी तिथेच ठरवलं.

खोलताना

खोलण्याआधी सगळं मोजून वहीत लिहिलं. लांबी ३५ इंच. लॉफ्ट, म्हणजे चेहरा मागे झुकलेला कोन, ४ अंश. लाय, म्हणजे डोकं जमिनीवर सपाट टेकलं असताना दांड्याचा जमिनीशी कोन, ७१ अंश. पटरला लॉफ्ट कशाला, असं पुष्कळ लोक विचारतात. चेंडू गवतावर अगदी बारीकशा खोलगटीत बसलेला असतो. त्यातून तो आधी हलकेच उचलला जावा आणि मग घरंगळावा, म्हणून ३-४ अंशांचा कल ठेवतात. नियमाप्रमाणे पटरचा लॉफ्ट १० अंशांपेक्षा जास्त चालत नाही.

ग्रिप आकडीच्या पात्याने लांबीत चिरली, पातं अंगापासून दूर ओढत. मग मानेला हीट गनने गोल फिरवत ऊब दिली. दांडा मानेत इपॉक्सीने चिकटवलेला असतो आणि तापला की इपॉक्सी मऊ पडतो. एका जागी ज्योत धरून घाई करायची गरज नसते. दोन मिनिटांनी चामड्याचा हातमोजा घालून डोकं पिळलं, कर्र असा आवाज आला आणि ते सरळ निघून आलं. दांड्यातून जुन्या इपॉक्सीचा चण्याएवढा तुकडा पडला. खुळखुळत होता तो हाच.

दांडा आतून डोकावून पाहिला. टोकाकडची शेवटची साडेचार सेंटिमीटर गंजाने पातळ झाली होती. वरून आत गेलेलं पाणी शेवटी तिथेच साचतं. असा दांडा पुन्हा मानेत चिकटवला तर एक दिवस तो मानेच्या तोंडाशीच तुटणार. नवा दांडा घालणं सरळ होतं. पण काकूंची नात चौदा वर्षांची, बुटकी. ३५ इंचांचा पटर तिला लांबच पडणार होता, ३३ तिला बरोबर. टोकाकडचा एकसारख्या जाडीचा भाग कॅलिपरने मोजत वर गेलो. ९.४ मिलिमीटरची जाडी पुष्कळ वरपर्यंत सारखी होती. म्हणजे वरून कापण्याऐवजी खालचे दोन इंच कापले की गंजलेला भागही जातो आणि लांबीही जमते. मूळ दांडा राहतो. त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला.

गंज

रंग काढायला रिमूव्हर लावला, फुगल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने ओला असतानाच खरवडला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवू नये. रंगाखाली गंजाचे दोन प्रकार निघाले. पाठीच्या कोरीव भागात पिवळट भुकटी होती, नखानेही निघेल अशी. चेहऱ्यावर आणि वरच्या कडेवर मात्र काळपट, घट्ट बसलेला थर.

साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये डोकं बुडवलं. त्यात सुमारे ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, ते गंज विरघळवतं. दर दोन तासांनी बाहेर काढायचं, दात घासायच्या ब्रशने घासायचं, पुन्हा बुडवायचं. आठ तासांत नव्वद टक्के काम झालं होतं. पाठीमागच्या अक्षरांच्या खोबणीत थोडा काळा गंज उरला होता. रात्र झाली होती, मी म्हटलं राहू दे सकाळपर्यंत.

ही माझी चूक. ॲसिडला गंज कुठे संपतो आणि पोलाद कुठे सुरू होतं हे कळत नाही. सकाळी डोकं बाहेर काढलं तेव्हा वरची कड राखाडी, खडबडीत झाली होती आणि तळाची अक्षरं किंचित भुरकट दिसत होती. चेहऱ्याच्या कमानी वाचल्या होत्या, पण त्यांची चमक गेली होती. खोबणीतला तो उरलेला गंज लाकडी काडीला बारीक पेस्ट लावून अर्ध्या तासात निघाला असता. तेव्हापासून मी रात्रभर ॲसिडमध्ये काहीही ठेवत नाही. जिथे अक्षरं बारीक असतील तिथे ॲसिडऐवजी गंजाला बांधून काढणारं द्रावण वापरतो. ते सावकाश काम करतं, पण चांगल्या पोलादाला जवळजवळ हात लावत नाही.

बाहेर काढल्यावर डोकं लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं, खळखळून धुतलं, हीट गनने कोरडं केलं आणि तेलाचं बोट फिरवलं. यात पाच मिनिटांचा उशीर झाला तरी उघड्या पोलादावर नारिंगी झाक येते.

चेहऱ्यावरचा डाग

आता चेहरा पूर्ण उघडा होता आणि त्यावर एक गोष्ट दिसत होती जी रंगाखाली लपली होती. मधल्या बिंदूपासून चार-पाच मिलिमीटर चवड्याकडे, नाण्याएवढ्या गोलात, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे. इतरत्र चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ होता, दाटी फक्त तिथेच.

असं का, हे समजायला थोडा वेळ लागला. मूळ पटर काळ्या ब्लूइंगचा असणार. मानेच्या आतल्या, हवा न लागलेल्या भागात त्याचा अंश शिल्लक होता. वर्षानुवर्षं चेंडू ज्या जागी लागला तिथलं ब्लूइंग सगळ्यात आधी उडालं. पोलाद तिथे सगळ्यात आधी उघडं पडलं आणि गंजाने पहिला घास तिथेच घेतला. म्हणजे तो डाग हा काकांच्या फटक्याचा नकाशा होता.

काकूंना बोलावून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून जवळून पाहिलं, मग अंगठा फिरवला.

"मधोमध नाहीये रे."

"नाही. चवड्याकडे आहे थोडा."

"म्हणून ते म्हणायचे, माझा चेंडू नेहमी होलच्या अलीकडेच थांबतो, नाहीतर उजवीकडून जातो."

अगदी बरोबर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू चवड्याकडे लागला की चेहरा किंचित उघडतो, चेंडू उजवीकडे जातो आणि मधल्या बिंदूचा पूर्ण जोर न मिळाल्यामुळे थोडक्यात राहतो. टोकांना वजन नेलेल्या डोक्यात हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

खड्डे काढता आले असते. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर चेहरा सपाट घासायचा, ही रीत आहे. हिशोब करून पाहिला. चेहरा साधारण ११५ मिलिमीटर लांब आणि २५ रुंद. त्यावरून एक दशांश मिलिमीटरचा थर काढला तर सव्वादोन ग्रॅम पोलाद जातं. वजनाच्या दृष्टीने ते काहीच नाही. पण कमानी त्याहूनही उथळ होत्या, त्या पहिल्या मिनिटालाच गेल्या असत्या. आणि खेळाच्या दृष्टीने खड्ड्यांनी काही बिघडतही नव्हतं. ते पृष्ठभागाच्या खाली होते, वर आलेलं काही नव्हतं. चेंडू भोवतालच्या सपाट धातूवर टेकणार. चेहऱ्यावर धारदार कड किंवा उंचवटा असता तर तो नियमाच्याही आड आला असता आणि तो मी घासलाच असता.

चेहरा खरंच सपाट आहे का, हे मात्र तपासलं. त्यावर मार्करने तिरप्या रेघा ओढल्या, काचेवरच्या ६०० नंबरच्या पेपरवर दाब न देता एकदाच हलकेच ओढला आणि रेघा कुठे पुसल्या ते पाहिलं. सगळीकडे सारख्या पुसल्या. चेहरा सपाट होता.

"मग हा डाग?" काकूंनी विचारलं.

"काढला तर खालच्या खुणाही जातील. ठेवला तर खेळायला काही अडचण नाही. तुम्ही सांगाल तसं."

त्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला. "राहू दे," म्हणाल्या. नव्यासारखा हा शब्द त्यांनी त्यानंतर काढला नाही.

घासकाम

चेहऱ्यावर मी फक्त सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टील वूल तेल लावून फिरवलं. बाकी डोकं ओल्या पेपरने ३२०, मग ४००, मग ६००. सपाट भागावर पेपर नेहमी ठोकळ्याला गुंडाळून. बोटाने दाबलात की बोटाच्या मांसाएवढी खोलगट पडते आणि ती ब्लूइंगनंतर उजेडात ओरडून दिसते. तळ सपाट नसतो, टाचेपासून चवड्यापर्यंत त्याला हलकी कमान असते. तिथे ठोकळ्याऐवजी कडक रबराची पट्टी घेतली आणि हात त्या कमानीच्याच दिशेने चालवला.

चवड्याजवळ वरच्या कडेवर एक पोचा होता, बहुधा बॅगेत लोखंडी क्लबांवर आपटून पडलेला. कानस लावून तो नाहीसा करायचा तर सगळी कड तेवढी खाली आणावी लागली असती आणि चेंडूसमोर उभं राहून नेम धरताना नजरेला दिसणारी ती सरळ रेघ बिघडली असती. पोच्याच्या काठाला जो धातू वर आला होता तो पितळी ठोकणीने हलकेच परत आत दाबला. निम्मा पोचा भरला. उरलेला तसाच ठेवला.

ब्लूइंग

फिनिश कोणतं करायचं, यावर फार विचार करावा लागला नाही. क्रोमचा मुलामा उन्हात डोळ्यांवर येतो, शिवाय त्याच्याआधी सगळं डोकं आरशासारखं घासावं लागतं आणि इथे तेच टाळायचं होतं. गरम ब्लूइंग सर्वांत टिकाऊ, पण त्यासाठी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या उकळत्या टाकीची गरज असते, ते घरी करायचं काम नाही. ज्योतीने तापवून रंग आणणं मला आवडतं: पोलाद २२०-२३० अंशांना गवती पिवळं होतं, २८०च्या सुमारास जांभळं, ३००ला निळं. पण तो रंग फार पातळ, दव पडलेल्या गवतावर लवकर जातो. राहिलं थंड ब्लूइंग. टिकायला तेही मध्यमच, पण गेलं तर घरीच परत लावता येतं. मूळ पटरही काळाच होता.

थंड ब्लूइंगच्या द्रावणात सेलेनियमची आणि तांब्याची संयुगं असतात. त्यांचा काळा थर पोलादावर बसतो. ते विषारी आहे. हातमोजे, उघडी खिडकी आणि डोळ्यांना चष्मा याशिवाय बाटली उघडू नये.

पहिला प्रयत्न फसला. लावलं तेव्हा छान काळं दिसत होतं. धुऊन कोरडं झाल्यावर चवड्याजवळ एक फिकट डाग उमटला आणि जवळून पाहिलं तर तो माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रेषा मोजता याव्या इतका स्पष्ट. ॲसिटोनने पुसल्यानंतर डोकं उचलताना एकदा, फक्त एकदा, हातमोज्याशिवाय बोट लागलं होतं.

सगळं उतरवलं. पुन्हा ६०० नंबर, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग ॲसिटोन दोनदा, दर वेळी नवं कापड. या वेळी मानेच्या भोकात तार घालून डोकं टांगलं आणि त्यानंतर त्याला बोट लावलंच नाही. हीट गनने हाताला ऊबदार लागेल इतकंच तापवलं. ऊब असली की रंग सारखा धरतो. कापसाच्या बोळ्याने एका दिशेने, न थांबता, एका दमात सगळं डोकं ओलं केलं. मिनिटभर थांबून थंड पाण्याने धुतलं, स्टील वूल हलकेच फिरवलं आणि पुन्हा लावलं. पहिल्या हाताला रंग राखाडी, तिसऱ्याला निळसर, पाचव्याला खोल काळा, कडांवर किंचित निळी झाक असलेला. नाण्याएवढ्या गोलातले खड्डे आजूबाजूपेक्षा अधिक गडद झाले. उजेड तिरपा पडला की तो गोल दिसायचा, समोरून पाहिलं की चेहऱ्यात मिसळून जायचा.

शेवटी सोड्याच्या पाण्याने धुतलं, कोरडं केलं आणि रात्रभर तेलात ठेवलं. तेल हा इथला शेवटचा थर आहे. ते नसेल तर थंड ब्लूइंग आठवडाभरात तपकिरी पडतं.

अक्षरांचा रंग

अक्षरांत कोणता रंग भरायचा याचं उत्तर पटरनेच दिलं. तळावरच्या एका अक्षराच्या कोपऱ्यात, काळ्या इनॅमलच्या खाली, लाल रंगाचा मोहरीएवढा कण चिकटून होता. मग लालच. वरच्या कडेमागची नेम धरायची रेघ पांढरी.

खोबणीतलं तेल आधी टोकदार काडीला ॲसिटोनचं कापड गुंडाळून काढलं, नाहीतर रंग धरत नाही. दात कोरायच्या काडीने इनॅमलचा थेंब सोडला, अक्षर जरा ओसंडेल इतका. दुसऱ्या दिवशी ठोकळ्यावर ताणलेलं कापड थिनरने जेमतेम ओलं करून अक्षरांवरून आडवं ओढलं. वरचा रंग निघतो, खोबणीतला राहतो. कापड सैल असेल तर ते खोबणीत शिरतं आणि भरलेलं सगळं उपसून काढतं.

जोडणी

दांड्याचं कापलेलं टोक एमरी पेपरने खरखरीत केलं, मानेतला जुना इपॉक्सी गोल ब्रशने काढला. लांबी दोन इंचांनी कमी झाल्यामुळे पटर हातात हलका वाटणार होता. क्लब बनवणारे ढोबळ हिशोब धरतात की अर्धा इंच लांबी कमी केली की स्विंगवेट (क्लब फिरवताना डोकं हाताला किती जड वाटतं त्याचं माप) सुमारे तीन अंकांनी उतरतं आणि डोक्यात दोन ग्रॅम घातले की एक अंक परत येतो. त्या हिशोबाने चोवीस ग्रॅम हवे होते. शिशाची पट्टी पाठीच्या कोरीव भागात चिकटवणं सोपं, पण आत्ताच रंगवलेली अक्षरं झाकली गेली असती. दांड्याच्या टोकात बसणारी आठ ग्रॅमची पितळी खुंटी इपॉक्सीसोबत घातली आणि बाकी सोडून दिलं. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाताला थोडा हलका पटर चालेल असं वाटलं.

ग्रिप बसवताना सगळं लक्ष सपाट बाजूवर. पटरच्या ग्रिपला समोरून सपाट पृष्ठ ठेवायला नियमात परवानगी आहे, इतर क्लबांना ती नाही. ही सपाट बाजू चेहऱ्याशी तंतोतंत काटकोनात हवी. एक-दोन अंश फिरली तर अंगठे सरळ ठेवूनही चेहरा वाकडा येतो आणि खेळणारा वर्षभर स्वतःच्या फटक्याला दोष देत राहतो. चेहरा टेबलाच्या कडेला टेकवला, दुतर्फी चिकटपट्टीवर थिनर ओतून ग्रिप सरकवली आणि ओली असतानाच डोळा मिटून तीनदा तपासली. इपॉक्सीला चोवीस तास दिले.

काकू न्यायला आल्या तेव्हा कापलेला तो दोन इंचांचा तुकडा टेबलावर पडला होता. "हा काय?" म्हणाल्या. सांगितलं. त्यांनी तो उचलून पर्समध्ये टाकला.

दीड महिन्याने

तेल पुसायला म्हणून पटर परत मागवला होता. नात स्वतः घेऊन आली. म्हणाली, "दादा, छान लागतो. पण लांबचा मारताना टोक हवेत वाटतं."

तळ उलटा करून पाहिला. टाचेच्या बाजूचं ब्लूइंग पुसट झालं होतं, चवड्याकडचं जसंच्या तसं. दांडा आखूड केल्यावर हात खाली येतात, हात खाली आले की चवडा वर उचलला जातो आणि टाचच गवताला घासते. हे मला आधीच सुचायला हवं होतं. मान ॲल्युमिनियमच्या मऊ जबड्यांत धरून वाकवायच्या दांडीने लाय ७१ वरून ६९ अंशांवर आणली. वाकवल्यावर लॉफ्ट पुन्हा मोजला, तो चारच होता. तळाला मार्करची रेघ ओढून तिला गालिच्यावर दहा चेंडू मारायला लावले. आता रेघ मधोमध पुसली जात होती.

टाचेवरचं पुसट ब्लूइंग परत लावू का, असं तिला विचारलं. तिने पटर उलटा करून तो भाग पाहिला, मग सरळ करून चेहऱ्यावरचा आजोबांचा गोल पाहिला.

"नको. फक्त तेल लाव."

तेलाचं कापड तिलाच दिलं आणि पुसायचं कसं ते दाखवलं: दव असेल त्या दिवशी खेळून आल्यावर लगेच, आधी कोरड्या कापडाने, मग तेलाने, आणि पाठीच्या कोरीव भागात बोट घालून, कारण पाणी तिथे राहतं.